सांगोल्याचे आबासाहेब

जुलै महिना संपत आला की सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख यांच्या त्याच त्या आठवणी पुन्हा वर येतात : ते एसटीने प्रवास करत, त्यांची राहणी साधी होती, एवढी वर्षे आमदार असूनही त्यांना ऐट ठाऊक नव्हती. या आठवणी खोट्या नाहीत. पण आमदार एसटीतून फिरत होता याचे आपल्याला इतके नवल वाटते, की त्या प्रवासाच्या शेवटी तो विधानभवनात जाऊन नेमके काय करत होता, हे विचारायचे राहूनच जाते. वास्तविक एसटीच्या गाड्यांमध्ये आमदारांसाठी राखीव आसन असतेच. ते कुणी वापरले म्हणून अर्धशतकाचे सार्वजनिक आयुष्य त्या एका आसनात कोंबणे मला अन्यायाचे वाटते.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात उपचार सुरू असताना वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी आबासाहेब गेले. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा त्यांचा जन्म, वकिलीचे शिक्षण, आणि कर्मभूमी मात्र सांगोला. १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकापच्या) वतीने ते पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा. अधूनमधून पराभवही झाले. १९७२ मध्ये ते हरले आणि पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी हरले आणि १९९९ मध्ये पुन्हा जिंकले. या साऱ्या काळात मतदारसंघ तोच राहिला आणि पक्षही तोच. हा पक्ष चढत्या भाजणीचा असता तर त्या निष्ठेचे फारसे कौतुक करण्याचे कारण नव्हते. शेकाप मात्र दर दशकात आक्रसत होता, त्याची माणसे काँग्रेसच्या वळचणीला जात होती, आणि सत्तेच्या जवळ राहिल्याशिवाय तालुक्याची कामे होत नाहीत हे तत्त्वज्ञान महाराष्ट्रात सर्वमान्य झाले होते. मंत्रिपद त्यांनाही मिळाले, पण दोनदाच : १९७८च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि पुढे १९९९च्या काँग्रेस–राष्ट्रवादी आघाडी सरकारात. पहिले सरकार १९८० मध्ये बरखास्त झाले आणि दुसऱ्याचा पाठिंबा २००२ मध्ये शेकापनेच काढून घेतला. म्हणजे त्यांच्या सत्तेची वर्षे हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीची सगळी विरोधी बाकांवरची.

विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हाती तिजोरी नसते, बदल्या नसतात, ठेकेदार नसतात. त्याच्या हाती असतात ती नियमांनी दिलेली अवजारे : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना, औचित्याचा मुद्दा. ही नावे वृत्तपत्रात वाचून आपण पुढे जातो, पण ती वापरायला फार खपावे लागते. कपात सूचना, म्हणजे खात्याच्या खर्चाला कात्री लावण्याची सूचना, मांडायची तर खात्याची मागणी आणि तिच्यातले लेखाशीर्ष (खर्चाची बाब) कळावे लागते. मंत्र्याच्या लेखी उत्तरातली पळवाट पकडायची तर गेल्या अधिवेशनात त्याच प्रश्नाला काय उत्तर मिळाले होते, हे ठाऊक असावे लागते. इथे आवाज चढवून भागत नाही. गणपतरावांबद्दल सर्व पक्षांत जो आदर होता, तो या अभ्यासाचा होता. सभागृहात बसून राहणे हेही काम आहे, हे ज्या पिढीला माहीत होते त्या पिढीचे ते होते. (आजच्या अधिवेशनांची लांबी पाहता तेवढे बसायची सोयही उरलेली नाही, ही गोष्ट वेगळी.)

आणि या सगळ्या वर्षांत त्यांचा विषय एकच होता : पाणी. माझा सांगोल्याशी संबंध पंढरपूर–मिरज रस्त्याने येण्याजाण्यापुरताच, पण त्या रस्त्यावर दुष्काळ म्हणजे काय ते खिडकीतून दिसते. माणगंगेचे पात्र वर्षातला बराच काळ नुसते वाळूचे असते. सह्याद्रीला अडलेला पाऊस इथवर पोचतच नाही. ज्या कृष्णेत पश्चिमेकडे पूर येतो तिचे पाणी या पठारावर आणायचे तर ते उपसून वर चढवावे लागते. कराडजवळ टेंभूला उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने पूर्वेकडे न्यायचे. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले पाणी वेळेत अडवले नाही तर फेरविचारात हक्क कमकुवत होईल, ही चिंता त्या काळी होतीच. पण अडवलेले पाणी नदीकाठच्या उसालाच मिळणार की कोरड्या तालुक्यांनाही, हा तिच्याहून अवघड प्रश्न होता. १९९३ पासून सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीला भरू लागलेल्या पाणी परिषदेत तेरा दुष्काळी तालुक्यांनी हाच प्रश्न मांडला. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख यांनी तिथे समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली. जवळच्याला भरपूर आणि लांबच्याला उरले तर, ही रीत मोडायला ही मंडळी निघाली होती. पाटाच्या शेवटच्या टोकावरच्या माणसाला विचारा, ही मागणी किती मोठी होती ते तो सांगेल.

पाणी यायला वर्षे लागली, आणि तोवर सांगोल्याने डाळिंब धरले. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली आणि मुरमाड, हलक्या जमिनीत कमी पाण्यावर येणारे हे झाड या तालुक्यात पसरले. उन्हाने फळ भाजू नये म्हणून ओळीच्या ओळी जुन्या साड्यांनी झाकलेल्या असतात. रस्त्यावरून पाहिले तर माळावर कुणी धुणे वाळत घातले आहे असे वाटते. खाली ठिबकच्या नळ्या, त्यांच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे निघाली ती याच सांगोला स्थानकातून. याचे श्रेय एका माणसाला देणे चूक ठरेल. तेल्या रोगाने बागा उपटाव्या लागल्या तरी पुन्हा रोपे लावणाऱ्या शेतकऱ्यांचे ते आहे. आपला माणूस ऐकून घेतो आणि मुंबईत जाऊन बोलतो, एवढा भरवसा मात्र त्या शेतकऱ्यांना होता.

सूतगिरणीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही तिथे सहकारी सूतगिरणी काढणे हा धाडसाचाच हिशेब होता. राज्यात एकामागून एक सहकारी गिरण्यांना कुलपे लागत असताना सांगोल्याची चालू राहिली, एवढे सांगितले तरी सहकाराची चाल जाणणाऱ्याला पुरे.

२०१९ मध्ये वयामुळे ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. घराणेशाहीचा आक्षेप तेव्हा निघाला, आणि तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही; आयुष्यभर चळवळीचे राजकारण केलेल्या माणसाच्या पक्षाला त्यांच्या घराबाहेर उमेदवार सापडू नये, ही त्यांच्या कारकिर्दीतली उणी बाजूच आहे. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. आबासाहेब १९६२ मध्ये पहिल्यांदा सभागृहात गेले तेव्हा शेकापचे पंधरा आमदार होते. २०२४ मध्ये त्या पक्षाचा एकच आमदार निवडून आला, आणि तो सांगोल्याचा.