लाल मांसाचे तीन टेक

बायान-उल्गी हा मंगोलियाच्या पश्चिम टोकाचा, अल्ताय डोंगरातला प्रांत. वस्ती बहुतेक कझाखांची. गरुडाकरवी होणाऱ्या शिकारीवरच्या आमच्या माहितीपटाच्या वेळापत्रकात त्या दिवसापुढे एकच शब्द लिहिलेला होता, 'कोल्हा'. तो हुकला, आणि त्याची तजवीज आदल्या संध्याकाळी आम्हीच करून ठेवली होती.

शिकारीला ठेवतात ती सोनेरी गरुडाची मादी. नरापेक्षा मोठी, पाच-सहा किलोंची. लळा असतोच, पण हातावर परत आणते ती भूक. म्हणून हिवाळ्याच्या हंगामात बुर्कित्शी, म्हणजे गरुड पाळणारा शिकारी, तिच्या पोटाचा हिशोब ठेवतो. मांसाचे तुकडे पाण्यात भिजवून, पिळून रक्त काढून टाकायचं. पांढुरकं पडलेलं ते मांस म्हणजे 'अक जेम'. त्यानं पोट भरतं, पण अंगी लागत नाही. रक्ताचं मांस पोटभर मिळायचं ते शिकार साधल्यावर.

आम्हाला ते पांढरं मांस पडद्यावर मेंगळट वाटलं. लाल मागितलं, दिवे लावले. पहिल्या टेकला फोकस गेला, दुसऱ्याला तिनं पाठ फिरवली, तिसरा झकास आला. तिन्ही वेळा ती जेवली. दारी आलेल्या पाहुण्यांना नाही म्हणणं तिच्या म्हाताऱ्या बुर्कित्शीला जमलं नसावं.

सकाळी उणे 25. अड्ड्यावर ती पिसं फुगवून एका पायावर उभी होती. लक्षण सुखवस्तूपणाचं, भुकेली असती तर ओरडली असती, हातमोजा करकचून धरला असता. म्हाताऱ्यानं छातीच्या पिसांत दोन बोटं घालून मधलं हाड चाचपलं. ते धारेसारखं लागावं लागतं. दुभाष्यामार्फत निरोप आला: आज सोडली तर परत येणार नाही. आमच्याकडे चारच दिवस होते. आम्ही गळ घातली.

घोड्यावर तिचं ओझं उजव्या हातावर असतं. हाताखाली 'बालदाक', खोगिराला टेकवलेली दुबेळक्याची काठी. नाहीतर खांदा तासाभरात बोलायला लागतो. डोळ्यांवर चामड्याची टोपी, 'तोमागा'. खाली घळीत दोन घोडेस्वार आरडाओरडा करत हाकारा घालतात, शिकारी वर कड्यावर थांबतो. गरुड वरून खाली झेपावला तरच वेग मिळतो, चढावर तो दमतो.

एक कॅमेरा म्हाताऱ्याशेजारी, दुसरा समोरच्या उतारावर 600 मिमीची लेन्स लावून. थंडीत बॅटरी निम्म्या वेळात मान टाकते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या कोटाच्या आत, अंगाशी. ट्रायपॉडच्या डोक्यातलं तेल घट्ट होऊन पॅन, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवणं, झटके खातो, तेव्हा ड्रॅग, म्हणजे डोकं फिरताना लागणारा ताण, आधीच सैल केलेला बरा. ड्रोन पेटीतच. मोकळी गरुडी त्याच्यावर झडप घालू शकते.

कोल्हा निघाला. टोपी निघाली. ती उडाली, कोल्ह्यावरून सरळ पुढे गेली, उतारावर आपटून वर चढणारा वारा पंखांखाली घेतला आणि पलीकडच्या सुळक्यावर जाऊन बसली. कोल्हा आमच्या डोळ्यांदेखत दगडांत शिरला.

मग चार तास. आमच्यातले दोघं सुळक्याकडे निघाले, तर म्हाताऱ्यानं चाबूक उंचावून थांबवलं. जवळ गेलं की ती आणखी उंच जाते. त्यानं 'शिर्गा' काढली, कोल्ह्याच्या कातड्यात पेंढा भरलेलं आमिष, वर मांस बांधलेलं. दोरीनं घोड्यामागे फरफटवत तो एकच हाक पुन्हा पुन्हा देत राहिला. ती बघायची आणि चोचीनं पिसं साफ करायची.

सूर्य टेकला तसा वारा पडला. तेव्हा कुठे ती खाली सुटली आणि शिर्गेवर पाय रोवून बसली. म्हाताऱ्यानं मांसाचा एवढासा तुकडा मोज्यावर धरून तिला हातावर चढवलं, आमिष हळूच कोटाखाली सरकवलं.

पुढचे दोन दिवस अक जेम, तेही चिमटीनं. आम्ही घरात सिर्माक, नक्षीची नमद्याची बिछायत, शिवणाऱ्या बायकांचं चित्रीकरण केलं. तिसऱ्या सकाळी त्यानं पुन्हा छातीवर बोटं फिरवली, आमच्याकडे न बघताच मान डोलावली आणि घोड्याला खोगीर घालायला गेला.