यकृत बदलले, आजार तोच: तुम्ही विचारलंत म्हणून

“नवीन लिव्हर बसवलं ना, मग जुना आजार परत कसा झाला? पथ्य सांभाळलं नाही का?” हळदीकुंकवापासून मुलुंडच्या फलाटापर्यंत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे, की एकदा नीट उत्तर लिहावे म्हणते.

माझा आजार ऑटोइम्यून हेपटायटिस. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती यकृताच्या पेशींवर उलटते. 2017 साली माझे यकृत बदलले. प्रतिकारशक्ती माझीच राहिली. काही रुग्णांमध्ये हा आजार वर्षांनंतरही परत येतो, हे शस्त्रक्रियेपूर्वी मला सांगितले होते. तरीही नंतरच्या सत्यनारायणाला “मुळासकट गेला” असे मीच सर्वांना सांगत होते, तेव्हा तुमच्या गैरसमजात माझाही वाटा आहे.

2022च्या पावसाळ्यात रक्तातले एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारे एन्झाइम, वाढले आणि आयजीजी ही प्रतिपिंडेही चढली. शरीर नवे यकृत नाकारते आहे की जुनेच दुखणे आहे, हे नुसत्या रक्तावरून ठरेना, म्हणून परळला बायोप्सी झाली. त्यानंतर उजव्या कुशीवर तासन्‌तास पडून राहिले, तेव्हा उशाशी ताई बसली होती. माझ्या पोटातला यकृताचा तुकडा तिचाच. अहवालात प्लाझ्मा पेशींची, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची, गर्दी निघाली आणि जुना आजारच परतल्याचे निदान झाले. ताईने तो कागद एकेका ओळीखाली बोट ठेवून वाचला. तिचा दुसरा हात नकळत निऱ्यांच्या वर, शस्त्रक्रियेच्या व्रणावर गेला आणि तिने विचारले, “माझंच लिव्हर कमी पडलं का गं?” मी “नाही, नाही” म्हणत राहिले, त्यापुढे मला काही सुचले नाही. तुमच्या प्रश्नाचा मला राग येतो तो यासाठी, की तो ताईच्याही कानावर पडतो.

राहिले पथ्य. शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून असलेली टॅक्रोलिमसची गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला, गजर लावून घेते. एकदाही चुकवलेली नाही. मात्र 2019मध्ये स्टेरॉइडने सुजलेला चेहरा आरशात बघवेना, म्हणून ते बंद करण्याचा हट्ट मी धरला होता आणि डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवत ते थांबवले. थोडी मात्रा चालू ठेवली असती तर आजार परतला नसता का, याचे खात्रीचे उत्तर डॉक्टरांपाशीही नाही. कधी त्या वेळच्या स्वतःला दोष देते, तर कधी वाटते, स्वतःचा चेहरा परत हवासा वाटण्यात तिचे काय चुकले?

आता प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पुन्हा सुरू आहे, जोडीला प्रतिकारशक्ती आवरणारे अझाथायोप्रिन, आणि आकडे खाली आले आहेत. ताईला मात्र अजून पटलेले नाही. रिपोर्टच्या दिवशी तिचा फोन येतो, तेव्हा “कशी आहेस” म्हणण्याआधी ती एसजीपीटी किती आले ते विचारते.