पात्रयादीचं पान

‘पात्रांची नावं लेखक खरंच विचार करून ठेवतात, की तुम्ही मराठी शिकवणारी मंडळी मागाहून त्यांना अर्थ चिकटवता?’ हा प्रश्न वर्गात येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारला, तोंड उघडं असताना. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट उत्तर देते.

चिकटवतो, हे आधी कबूल. गाईड लिहिणाऱ्यांचा तर तो धंदाच आहे. म्हणून मी सुट्या नावाच्या नादी लागत नाही. नाटकाच्या पुस्तकात सुरुवातीला पात्रांची यादी असते. आपण ते पान भरकन उलटतो, पण तिथं थांबून ती अख्खी वाचायची. एखादं नाव योगायोगानंही चपखल बसतं. सगळी यादीच एका सुरात लागली असेल, तर कुणीतरी बसून ती लावलेली असते.

याचा बिनतोड पुरावा म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या. बायकांमध्ये कृत्तिका, रेवती, मघा नायकीण. पुरुष सगळे महिने, बायका सगळ्या नक्षत्रं! यात योगायोग कुठून आणणार? गंमत अशी की मूळ नाटक परकं आहे. आर्थर मर्फी नावाच्या लेखकाच्या इंग्रजी नाटकावरून देवलांनी ते घेतलं, आणि मर्फीनं मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरून. मर्फीचा संशयी नवरा आहे सर जॉन रेस्टलेस, म्हणजे नावातच अस्वस्थ. एखाद्या हौशी रूपांतरकारानं त्याचा ‘चिंतोपंत’ करून टाकला असता. देवलांनी सरळ पंचांग उघडलं आणि त्याचा फाल्गुनराव केला.

आता जरा पंचांगातच बघू. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास असतो, त्यावरून महिन्याला नाव मिळतं. कृत्तिकेवरून कार्तिक, अश्विनीवरून आश्विन, फल्गुनीवरून फाल्गुन. म्हणजे या नाटकातल्या पुरुषांची नावं तत्त्वतः नक्षत्रांकडूनच उसनी आलेली, आणि आव मात्र सगळा त्यांचा. शिवाय जोड्या बघा. रेवती संपली की अश्विनी लागते, ही दोन नक्षत्रं शेजारी. त्यामुळं रेवती आणि अश्विनशेठ यांचं जमणार हे पंचांगानं आधीच सांगून ठेवलंय. फाल्गुनरावाची बायको मात्र कृत्तिका. कृत्तिकेचा महिना कार्तिक! हिशोबानं ही बायको त्याची नव्हेच. रेवतीची हरवलेली तसबीर कृत्तिकेच्या हातात दिसते, त्या तसबिरीतला अश्विनशेठ पाहून फाल्गुनरावाच्या डोक्यात किडा वळवळू लागतो, तेव्हा मला हे आठवून दर वेळी हसू येतं. देवलांनी एवढा खोल हिशोब केला होता का? जोड्यांबद्दल मी पैज लावणार नाही. पण फाल्गुन म्हणजे शिमगा, आणि संशयानं गावभर बोंब मारणाऱ्या नवऱ्याला तोच महिना मिळावा, हे तरी सहज झालेलं नसावं.

भादव्याकडं खास लक्ष द्या. मालकांना फाल्गुन, अश्विन, वैशाख अशी संस्कृत नावं, वर राव नाही तर शेठ. नोकराच्या वाट्याला भाद्रपद येत नाही, घरगुती भादवा येतो, आणि तोही ‘व्या’ लावून. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलायचा आणि नोकरचाकर प्राकृत, तीच उतरंड इथं नावांत उतरली आहे. आजच्या मालिकांत तरी काय वेगळं आहे? घरच्यांना आडनाव, खानदान, बंगल्याचं नाव. कामाला येणारी बाई वर्षानुवर्षं नुसती ‘शांताबाई’.

हे नाटक आधी गद्यात आलं, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावानं. पदं घालून ते ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं आणि 1916 मध्ये रंगभूमीवर आलं. त्याच वर्षी देवल गेले. त्यांच्या ‘शारदा’तही, म्हणजे 1899 मध्ये, हाच हात दिसतो. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला देणारा बाप कांचनभट, तो म्हातारा भुजंगनाथ, आणि लग्न मोडायला उभा राहणारा तरुण कोदंड, म्हणजे रामाचं धनुष्य. इथं अर्थ जरा जास्तच मोठ्यानं बोलतो. प्रेक्षकांना आधीच सगळं सांगून टाकणारी ही नावं मला तितकी आवडत नाहीत.

राम गणेश गडकऱ्यांकडं आलं की मात्र माझा कारभार लांबतो. ‘एकच प्याला’ची यादी वाचा: सिंधू, तिचा नवरा सुधाकर, भाऊ पद्माकर, आणि दारूतून बाहेर पडणारा भगीरथ. सिंधू म्हणजे समुद्र, पद्माकर म्हणजे कमळांचं तळं, भगीरथानं तर गंगाच आणली. दारूच्या नाटकात जिकडंतिकडं पाणी! सुधाकर म्हणजे चंद्र, पण शब्दाच्या पोटात सुधा आहे, अमृत. समुद्रमंथनातून चंद्र निघाला, अमृत निघालं आणि सुरा, म्हणजे दारूही निघाली. अमृताचं नाव लावणारा हुशार वकील त्या तिसऱ्या रत्नापायी संपतो, आणि सोबत ज्या समुद्रानं त्याला धरून ठेवायचं ती सिंधूही जाते. हे नाटक 1919 मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा गडकरी हयात नव्हते, त्यामुळं त्यांना विचारायची सोय कुणालाच राहिली नाही. त्याच नाटकातल्या तळीरामाचं तर उलटंच झालं. त्याला कोशातून अर्थ आणावा लागला नाही, त्यानंच बोलीला अर्थ पुरवला. आजही पोलिसांनी एकतीस डिसेंबरला पकडलेले ते तळीरामच असतात, बातमीत तरी.

गडकऱ्यांचं माझं सगळ्यांत आवडतं नाव मात्र ‘पुण्यप्रभाव’मधलं. भूपाल आणि वसुंधरा ही जोडी सरळ आहे, राजा आणि पृथ्वी. त्या वसुंधरेवर डोळा ठेवणारा खलपुरुष म्हणजे वृंदावन. मुलांना वाटतं, इतकं पवित्र नाव असल्या माणसाला का? कारण वृंदावन हे एका फळाचंही नाव आहे, दिसायला देखणं आणि चवीला कडूजहर. तुकोबांनी सांगितलंय की ते साखरेत घोळलं तरी आतला कडूपणा मोडत नाही. गडकऱ्यांनी हे अभंग वाचलेले नसतील, असं मानायला मी तयार नाही.

पुढं हे चालेनासं झालं. कादंबरीत माणसं खरी वाटायला हवीत आणि खऱ्या आयुष्यात कुणी बायकोचं नाव पंचांगाशी ताडून बघत नाही. मग अर्थाचा भार नावावरून आडनावावर गेला. पु. ल. देशपांडे यांचा सखाराम गटणे पुस्तकं वाचतो, विजय तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर पुस्तकं बांधतो. नाव एकच, पण ‘सखाराम’ म्हटल्यावर काहीच कळत नाही. आडनाव आलं की माणूस उभा राहतो.

भालचंद्र नेमाड्यांनी मात्र दोन्ही साधलं, असं माझं मत आहे. ‘कोसला’चा नायक पहिल्याच वाक्यात आपलं नाव सांगतो: पांडुरंग सांगवीकर. सांगवी हे खानदेशातलं नेमाड्यांचं स्वतःचं गाव. नंतरच्या कादंबऱ्यांत चांगदेव पाटील येतो, आणि 2010 च्या ‘हिंदू’त खंडेराव. इथं पात्रयादी नाही, म्हणून मी लेखकाच्या सगळ्या नायकांची मिळून एक यादी करते. विठोबा, योगी, खंडोबा. पुन्हा एका सुरात! ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवणारा योगी चांगदेव आपल्याला ठाऊक असतो. चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाली, ती कथाही. आता एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात बिऱ्हाड हलवणारा, शिकलासवरलेला, कुठंच न रुजणारा प्राध्यापक चांगदेव पाटील डोळ्यांसमोर आणा, त्याला हे नाव किती लागतं बघा.

हे मी एकदा वर्गात रंगवून सांगत होते, तर रावेरकडचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडं चांगदेव नावाची माणसं आहेतच की. गावही आहे.’ आहेच. तापी-पूर्णेच्या संगमावर, मुक्ताईनगरजवळ. फाल्गुनराव कुणाच्या शेजारी राहत नव्हता. चांगदेव त्या मुलाच्या शेजारी राहत होता. म्हणूनच या नावात अर्थ शोधायला बसलं नाही तरी कादंबरीचं काही अडत नाही, आणि बसलं तर सापडतो. ज्यांना बसायचंय त्यांनी चांगदेव पाटलाची ‘बिढार’ ही कादंबरी हातात घेण्याआधी ज्ञानेश्वरांची चांगदेव पासष्टी वाचून घ्यावी. पासष्टच ओव्या आहेत, एका दुपारी होतात.