कंपायलरच्या कोडमधला नल पॉइंटर

नाशिकला कॉलेज रोडवर आमचा छोटा गट रविवारी जीसीसी कंपायलरचा (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सोर्स कोड वाचायला बसतो, आणि सध्या आमची चर्चा नल पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या कशाकडेच न दाखवणारा पत्ता, कसा लिहावा यावर चालू आहे. मुळात सी भाषेत लिहिलेला हा प्रकल्प २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून सी प्लस प्लसमध्ये बांधला जातो. त्यामुळे त्यात नुसते शून्य, ‘नल’, ‘नल_ट्री’ (जीसीसीच्या ‘ट्री’ या अंतर्गत रचनेसाठीचा नल) आणि ‘नलपीटीआर’ (सी प्लस प्लसच्या २०११ च्या आवृत्तीत, म्हणजे सी प्लस प्लस ११ मध्ये, आलेला नल पॉइंटरचा खास शब्द) ही सारी रूपे शेजारीशेजारी आढळतात. पॉइंटर कोणत्या प्रकारचा आहे हे ‘नल_ट्री’ वाचणाऱ्याला सांगते, म्हणून ते सरसकट काढू नये असे माझे मत आहे.

नुसते शून्य मात्र खरोखर धोक्याचे आहे, कारण कितीही आर्ग्युमेंट (पुरवलेली मूल्ये) घेणाऱ्या फंक्शनला ते दिले तर ६४ बिटांच्या यंत्रावर सहसा ३२ बिटांचा पूर्णांक जातो आणि पलीकडे मात्र ६४ बिटांचा पॉइंटर वाचला जातो. ‘नलपीटीआर’ला स्वतःचा टाइप असल्याने ही गफलत टळते. २०२१ च्या जीसीसी ११ पासून बांधणीसाठी सी प्लस प्लस ११ समजणारा कंपायलर लागतोच. तेव्हा नुसत्या शून्याच्या जागी ‘नलपीटीआर’ लिहायला अडचण उरलेली नाही. फक्त हा बदल स्वतंत्र पॅचमध्ये (कोडमधल्या बदलांच्या एका संचात) करावा, त्यात तर्काचा एकही बदल मिसळू नये, म्हणजे तपासणाऱ्याला तो डोळ्यांखालून घालणे सोपे जाते.