तुम्ही विचारलंत म्हणून: छावणीतल्या एकट्या बाईला शिलाई मशीन पाठवू का?

प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो, पण गाभा एकच असतो. लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांत एकट्या, निराधार बायका राहतात असं तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतं, मंडळाकडे थोडे पैसे जमलेले असतात आणि मग विचारणा होते: चार शिलाई मशीन घेऊन देऊ की कपडे पाठवू?

दोन्ही नकोत. त्यापेक्षा छावणीतल्याच दोन बायकांना वर्षभर मानधन द्या. त्यांचं काम एकच: जी बाई मदत संस्थेच्या केंद्रावर येत नाही तिच्या दारात दर आठवड्याला जायचं.

छावणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तंबू येतात. बैरूतमधली बुर्ज अल-बराजनेह १९४८ ची आणि शतीला १९४९ ची. तंबू जाऊन पत्रे आले, पत्रे जाऊन सिमेंट आलं, पिढ्या वाढल्या, जमीन मात्र वाढली नाही. म्हणून घरं मजल्यावर मजला चढत गेली. जिने अरुंद आणि उभे, लिफ्ट नाही. काही बोळांत समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागतं. डोक्यावर विजेच्या तारा आणि पाण्याच्या नळ्या एकमेकांत गुंतलेल्या. पावसाळ्यात शॉक लागून माणसं मेली आहेत. बुर्जमध्ये नळाला खारं पाणी येतं, पिण्याचं विकत घेऊन वर चढवावं लागतं. चौथ्या मजल्यावरच्या, गुडघे गेलेल्या बाईसाठी खालचं मोफत शिबिर दुसऱ्या गावात भरल्यासारखंच.

आणि घरात अडकलेली अशी ही एकच बाई नसते. तेल अल-झातर (१९७६) आणि सब्रा-शतीला (१९८२) इथल्या कत्तलींत आणि नंतरच्या छावण्यांच्या युद्धात नवरा किंवा मुलगा गमावलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. २०११ नंतर सीरियातून दुसऱ्यांदा निर्वासित होऊन आलेल्या आहेत. राहण्याच्या परवान्याची मुदत संपलेली, म्हणून चेकपोस्टच्या भीतीने त्या छावणीबाहेर पाऊल टाकत नाहीत. काहींकडे कुठलंच ओळखपत्र नाही. आणि घरात मार खाणाऱ्या आहेत, ज्यांना बाहेर पडायला कुणाची तरी परवानगी लागते. शिलाई मशीन यांच्यापर्यंत पोहोचत नाही. केंद्रावर आधीच येणाऱ्या बाईला ते मिळतं, आणि वीज दिवसातून काही तासच असल्याने तिथेही ते बराच वेळ बंदच असतं.

घरी जाण्याची रीत ठरलेली आहे आणि ती पाळावी लागते. नेहमी दोघींनी जायचं, त्यातली एक त्याच बोळातली. वार आणि वेळ ठरलेली. संस्थेचं नाव छापलेली पिशवी किंवा जाकीट नको, कारण आख्खा जिना बघत असतो. पहिल्या भेटीत वही उघडायची नाही, फोटो कधीच नाही. विचारायचं ते रोजचंच: पाणी वर कोण आणतं, औषध संपायला किती दिवस राहिलेत, शेवटचं खाली कधी उतरलात. उत्तरांतून पुढचं काम दिसतं. बहुतेक ठिकाणी पहिली गरज पैशाची नसतेच. जिन्याला कठडा, वाचायचा चष्मा, औषध आणून देणारा माणूस, एवढ्यावर पहिला महिना जातो.

औषधाचं एक उदाहरण सविस्तर सांगते. मधुमेहाची, रक्तदाबाची औषधं संयुक्त राष्ट्रांच्या यूएनआरडब्ल्यूए या संस्थेच्या दवाखान्यात मिळतात. पण इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, आणि फ्रीज जनरेटरच्या भरवशावर चालतो. जनरेटरचं भाडं अँपिअरच्या हिशेबाने. ते परवडलं नाही की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. आपल्याकडचे लोक लगेच माठ सुचवतात. बैरूत समुद्राकाठी आहे, उन्हाळ्यात हवा दमट असते, आणि दमट हवेत माठ पुरेसा गार होत नाही. तिथे हे चालतं: साठा ज्याच्याकडे वीज टिकते अशा शेजारघरी, या बाईकडे एका वेळी एकच उघडलेली बाटली. बहुतेक प्रकारांत ती खोलीतल्या सावलीच्या, गार कोपऱ्यात साधारण २८ दिवस टिकते. उघडल्याची तारीख बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहायची. दर भेटीत ती तारीख बघायची. एवढ्यासाठीसुद्धा कुणीतरी दारात यावं लागतं.

हिंसेबद्दल वेगळी काळजी घ्यावी लागते. बहुतेक छावण्यांत लेबनीज पोलीस येत नाहीत. १९६९ च्या कैरो कराराने छावण्यांचा ताबा पॅलेस्टिनी संघटनांकडे गेला; तेव्हाची ही घडी करार १९८७ मध्ये रद्द होऊनही कायम आहे. कारभार लोकसमित्या आणि राजकीय गट बघतात, आणि ते बहुधा समेटाच्या बाजूने झुकतात. कौटुंबिक हिंसेविरुद्ध देशात २०१४ चा कायदा आहे, पण तक्रार द्यायला बाहेरच्या ठाण्यात जावं लागतं, आणि जिच्याकडे कागद नाहीत ती जाईल कशी? म्हणून भेटीला जाणारीने मध्यस्थी करायची नाही, नवऱ्याला समजावायला जायचं नाही, उद्या घर सोड असंही सांगायचं नाही. बाई एकटी असेल तेव्हाच विषय काढायचा; बोलतं मूल खोलीत असेल तरी नाही, कारण ते संध्याकाळी सगळं सांगतं. माहितीचं पत्रक घरात ठेवायचं नाही. फोन बहुधा सगळ्या घराचा असतो, तेव्हा व्हॉट्सअॅपवर फक्त ‘भाजी आणायला येतेस का’ असा आधी ठरवलेला निरोप. पुढे कुणाकडे पाठवायचं ते तिच्या होकाराशिवाय नाही. मात्र दोन मुदती प्रत्येकीला तोंडपाठ हव्यात: बलात्कारानंतर एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा टाळण्याची गोळी १२० तासांच्या आत.

मग कमाईचं काय? लेबनॉनमध्ये पॅलेस्टिनींना वैद्यकी, वकिली, इंजिनिअरिंगसारखे कितीतरी व्यवसाय बंद आहेत, त्यामुळे घरबसल्या कामाला मोल आहे. त्यात सगळ्यात ओळखीचं म्हणजे तत्रीझ, फुलीच्या टाक्याचं पॅलेस्टिनी भरतकाम. २०२१ मध्ये युनेस्कोने ते वारशाच्या यादीत घेतलं. पण भाव ठरवताना टाके मोजा. इंचाला १४ टाक्यांच्या कापडावर ६ इंच बाय ६ इंचाचा चौकोन पूर्ण भरला तर ७,०५६ फुल्या होतात. सराईत हाताने तासाला २०० धरल्या तरी ३५ तास लागतात. त्याचे १० डॉलर दिले तर ताशी ३० सेंटसुद्धा पडत नाहीत. हे ‘सक्षमीकरण’ म्हणून विकू नये. काम द्यायचंच तर मापाचं कापलेलं कापड, मोजलेला धागा, २४ नंबरच्या सुया आणि चष्मा घरपोच द्या, आणि मजुरीचा काही भाग आगाऊ.

बचतीसाठी तिथे ‘जमइय्या’ असते, म्हणजे आपली भिशीच. २०१९ नंतर लेबनॉनचं चलन लिरा कोसळलं तेव्हा ज्यांचा नंबर शेवटी होता त्यांच्या हातात जवळपास कागदच आले, म्हणून डॉलरमधली भिशी बरी. शिवाय एकटीला कुणी जामीन राहत नाही, त्यामुळे तिला आपोआप बाहेर ठेवलं जातं. तिचे पहिले दोन हप्ते संस्थेने भरले तर ती आत येते.

कपड्यांबद्दल एका वाक्यात: पाठवणावळ आणि जकातीवर जेवढे पैसे जातात तेवढ्यात तिथल्या बाजारात कपडे येतात, आणि छावणीतल्या दुकानदाराचंही चालतं.

पैसे पाठवताना संस्थेकडे ‘फ्रेश डॉलर’ खातं, म्हणजे बाहेरून आलेले डॉलर पूर्ण काढता येतात असं नवं खातं, आहे का ते आधी विचारा. २०१९ च्या आधीच्या जुन्या खात्यांतून पैसे मोकळेपणाने काढता येत नाहीत. भारतातून परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळत नाही, तेही धरून चाला. संस्थेला एवढंच विचारा, की केंद्रावर न येणाऱ्या किती जणींकडे तुम्ही जाता, आणि कोण जातं? उत्तरात नुसती शिबिरांची संख्या आली तर दुसरी संस्था बघा. आणि निदान बारा महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर भेटी सुरू करायला सांगू नका. तीन महिने येऊन कुणी येणं बंद केलं, तर ती बाई पुढच्या वेळी दारच उघडत नाही. तेवढ्याच पैशात आधीपासून चालू असलेल्या भेटींचा चष्म्यांचा, कठड्यांचा आणि औषधांचा खर्च उचला.