गच्चीवरच्या खोलीचा एसी: पाण्याची वाट आणि विजेची लाईन

आमच्या जुळे सोलापुरातील घराच्या गच्चीवर एक खोली आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांच्या पुढे गेला की तिची पश्चिमेकडची भिंत रात्री अकरा वाजतासुद्धा हात टेकू देत नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वडिलांसाठी, म्हणजे अण्णांसाठी, तेथे दीड टनाचा एसी बसवला आणि आउटडोअर युनिट बाहेर गच्चीवरच लोखंडी स्टँडवर ठेवले. बसवणाऱ्यांनी दोन तासांत काम उरकले, खोली गार झाली आणि आम्ही निश्चिंत झालो. जुलैमध्ये एका रात्री अण्णांच्या उशीवर पाणी ठिबकू लागले.

आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की एसीतल्या थंड कॉइलवर हवेतले फारसे पाणी जमतच नाही, त्यामुळे ते बाहेर नेणारा ड्रेन पाईप चुकीचा बसवला असला तरी ती चूक दोन महिने झाकलेली राहते. हवेत ओल आली, की तोच एसी रात्रीतून बादलीभर पाणी काढतो. आमच्याकडे भिंतीतले छिद्र आतल्या बाजूला उतरते पाडले होते, म्हणजे पाण्याने चढ चढून बाहेर जावे अशी अपेक्षा होती. बाहेर लवचीक नळी गच्चीवर सपाट सोडलेली होती. मध्येच तिला झोळ आला होता, त्यात माती साचली होती आणि तिचे तोंड डबक्यात बुडाले होते.

छिद्र बाहेरच्या बाजूला उतार देऊन पुन्हा पाडून घेतले. लवचीक नळीऐवजी 25 मिलिमीटरचा कडक पीव्हीसी पाईप घातला आणि मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार मिळेल अशा बेताने, झोळ पडू नये म्हणून जवळजवळ क्लॅम्प ठोकून, तो भिंतीलगत नेला. खोलीतल्या भागावर फोमचे आवरण चढवले, कारण आत गार पाणी वाहत असताना उघड्या पाईपला बाहेरून घाम सुटतो. पाईपचे तोंड पावसाच्या पाण्याच्या जाळीवर वीतभर उंच, मोकळे ठेवले. ते संडासाच्या लाईनला जोडावे असे एकाने सुचवले होते, पण तसे केल्यास गटाराचा वास थेट खोलीत येतो. शेवटी एसीचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पाडून वीज बंद केली, एसीची हवेची जाळी काढली आणि कॉइलवरून तांब्याभर पाणी हळूहळू सोडले. बाहेर धार सलग पडू लागली तेव्हाच कारागिराला पैसे दिले. एसी एप्रिलमध्ये बसवा किंवा ऑगस्टमध्ये, ही तांब्याची परीक्षा आपल्या समोर करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

विजेच्या कामातील चूक याआधीच, मे महिन्यात उघडी पडली होती. भर दुपारी स्विचबोर्डजवळ जळका वास येऊ लागला. प्लग काढून पाहिला, तर त्याची एक पिन काळी पडली होती आणि सॉकेटचे भोक कडेने तपकिरी होऊन वितळू लागले होते. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेडची वायरिंग करण्यात आयुष्य गेलेल्या एका वायरमनकाकांना बोलावले. त्यांनी बोर्ड उघडला, स्क्रूला पेचकस लावला आणि म्हणाले, "वायर बारीक आहे ते आहेच, पण हा स्क्रू अर्धाच आवळलाय बघा. मागावर अशी जोडणी असती तर कापसाच्या धुळीनं केव्हाच पेट घेतला असता."

ती लाईन गिझरच्या वायरवरून ओढलेली होती. दीड टनाचा एसी साधारण सात-आठ अँपिअर घेतो. दुपारी व्होल्टेज उतरले की तेवढ्याच कामासाठी तो आणखी ओढतो, आणि उन्हात तापलेल्या पाईपमधून जाणारी वायर मुळातच गरम असते. म्हणून मीटर बोर्डापासून तांब्याची चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, 20 अँपिअरचा एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळू लागली की लाईन तोडणारा स्विच) अशी रचना केली. काकांनी सॉकेटमधील फेज (वीज येणारी तार) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली सुरक्षेची तार) यांच्यामध्ये दिवा लावून पाहिला, तो लागला नाही. सॉकेटचे तिसरे भोक नुसते शोभेला होते. पावसात ओल्या पायांनी लोखंडी स्टँडला हात लागण्याची शक्यता असताना अर्थिंग नसणे मला सर्वांत भयंकर वाटले, त्यामुळे अर्थची वायर जमिनीतील अर्थिंगपर्यंत नेऊन स्टँडलाही जोडली.

आउटडोअर युनिटशेजारी पाणी न शिरणाऱ्या पेटीत वेगळा स्विच बसवला आहे, म्हणजे दुरुस्तीला आलेल्या माणसाला वीज तेथेच बंद करता येते. केबल युनिटमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घेतली आहे, जेणेकरून पाऊस त्या झोळातून खाली गळतो आणि आत वाहत जात नाही. पाण्याला हवा तो उतार आणि केबलला हवा तो झोळ, या दोन गोष्टी कारागिराच्या हातून उलट होऊ नयेत म्हणून मी तेथेच उभा होतो.

सोलापुरात सप्टेंबरमध्ये पाऊस सर्वांत जोरात असतो, तेव्हा खोली कोरडी राहिली. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात ड्रेनचे पाणी जाळीत सोडणे आईला पटले नाही. तिने पाईपच्या तोंडाखाली बादली ठेवली आहे आणि सकाळी ते पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना घालते.