मंगळवारी सकाळी दहा वाजता

म्हैस दाखवायला आलेली माणसं माझ्या जनावरांच्या दवाखान्यातून निघता निघता विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात. नीटचा निकाल लागला की फोनवर विचारतात. "मॅडम, तुमची एमबीबीएस थोडक्यात हुकली होती म्हणे. मग रिपीट का नाही केलं? आता आमच्या पोरीचंही तसंच झालंय, काय करावं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते. जाता जाता दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं.

मी २०१७ साली नीट दिली. त्याआधी दोन वर्षं लातूरला खोली करून राहिले होते. सरकारी कॉलेजसाठी थोडे मार्क कमी पडले. खासगीत जागा मिळाली असती, पण त्यासाठी शेताचा एक तुकडा विकावा लागला असता. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, आणखी एक वर्ष काढ. मीही पुस्तकं पुन्हा बाहेर काढली होती.

त्याच आठवड्यात शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाई भेटल्या. त्यांनी विचारलं, "डॉक्टर झाल्यावर मंगळवारी सकाळी दहा वाजता तू काय करत असशील?"

मला सांगता येईना. डॉक्टर म्हटलं की मला दिसायची दारावरची पाटी, बाबांना गावात मिळणारा मान, चुलत्यांचे चेहरे. त्या चित्रात पेशंट नव्हता. एकसुद्धा नाही. हे कळलं तेव्हा मी घाबरले, कारण त्याच चित्रासाठी मी दोन वर्षं पहाटे साडेचारला उठत होते.

शाळेत आम्हाला मूल्यशिक्षणाचा तास होता. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वक्तशीरपणा, सगळे शब्द पाठ होते. त्यातलं तुझं कोणतं, आणि त्यासाठी तू काय सोडशील, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. बाईंनी विचारलं आणि वर सांगितलं, "घरी बसून ठरवू नकोस. चार ठिकाणी जाऊन बसून ये."

मग गावातल्या डॉक्टरांना विचारून दोन दिवस त्यांच्या दवाखान्यात बसले. डॉक्टर चांगले होते, पण माझं लक्ष सारखं घड्याळाकडे जायचं. नंतर जनावरांच्या दवाखान्यात गेले. खोड्यात एक गाय उभी होती. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत मोज्यात, डोळे मिटलेले, आणि बोटांनी आत काहीतरी शोधणं चाललेलं. गायवाला, त्याची बायको, शाळा बुडवून आलेला मुलगा, तिघंही श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "तीन महिन्यांची गाभण आहे," डॉक्टर म्हणाले आणि ती बाई मटकन खालीच बसली. मी त्या दिवशी जेवायचं विसरले.

लोकांना वाटतं मला जनावरांचा लळा होता. तसा तो खेड्यात सगळ्यांनाच असतो. मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. जनावर बोलत नाही, दुखणं हातानं आणि नजरेनं शोधावं लागतं, आणि त्या निदानावर घरातल्या सगळ्यांचं पुढचं वर्ष अवलंबून असतं.

रात्री बाबांसमोर कॅलेंडरच्या पानामागे तीन ओळी लिहिल्या. जमीन विकायची नाही. आई-बाबांकडे एका रात्रीत पोचता येईल एवढंच लांब जायचं. हातानं करायचं काम हवं. बाबांनी वाचलं आणि पेन घेऊन पहिली ओळ खोडली. "माझ्या जमिनीची काळजी तू करू नको," म्हणाले. मी ती ओळ खाली पुन्हा लिहिली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाचा फॉर्म भरायला आले.

तेव्हा राज्यात पदवीची पाचच कॉलेजं होती. मला उदगीर मिळालं. परीक्षा तीच नीट, आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एमबीबीएसइतकीच. तरी "ढोरांची डॉक्टर" हा शब्द ऐकावा लागला. स्थळं बघताना तर आजही ऐकावा लागतो आणि तो मनाला लागतो, हेही सांगून ठेवते.

माझं ठरवणं खरं की नुसतं कागदावरचं, ते २०२२ मध्ये समजलं. लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाची, साथ आली तेव्हा मी इंटर्न होते. शेळ्यांच्या देवी रोगाची लस लम्पीसाठी वापरत होते, ती घेऊन आम्ही गावोगाव फिरत होतो. एका वाड्यावर देवणी जातीचा बैल बसलेला, अंगभर गाठी, काही फुटलेल्या. म्हातारे मालक कडुलिंबाचा डहाळा घेऊन त्याच्यावरच्या माश्या वारत होते. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा बैल गेला होता आणि डहाळा तिथेच पडला होता. सरांसोबत पंचनामा करताना मी रंगाच्या रकान्यात "पांढरा, तोंड काळं" असं लिहिलं. आजोबा म्हणाले, "वानेरा लिहा, बाई." देवणीत अशा काळ्या तोंडाच्या पांढऱ्या जनावराला वानेरा म्हणतात. बैलामागे सरकारची मदत २५ हजार होती, त्यांनी ती विचारलीसुद्धा नाही. त्या रात्री होस्टेलवर मी खूप रडले. सकाळी सहाला पुन्हा लशीची पेटी उचलली तेव्हा स्वतःला काही समजवावं लागलं नाही.

म्हणून रिपीट करू नका असं मी म्हणत नाही. माझी एक मैत्रीण दोनदा रिपीट करून एमबीबीएसला लागली, आणि तिनं केलं तेच बरोबर होतं. तिनं आजीच्या डायलिसिसला वर्षभर सोबत केली होती, तिला मंगळवार सकाळ पाठ होती. आणि घरात कर्ज असेल, लवकर पगार सुरू व्हायला हवा असेल, तर ते मान खाली न घालता पहिल्या ओळीत लिहा. कमवून घर सावरणं यात कमीपणा कसला?

मागच्या महिन्यात एक आई शेळी घेऊन आली. मागे मुलगी, गप्प. आईनं तोच प्रश्न विचारला. मी मुलीला म्हटलं, मंगळवारी दहाला ये. ती पावणेदहालाच पायरीवर बसली होती. दुपारपर्यंत तिनं सगळं पाहिलं, एका कालवडीचा कासरासुद्धा धरला. मग हात धुताना हळूच म्हणाली, "मॅडम, मला पेशंटच नकोत. माणसांचेही नकोत. मला कॉलेजच्या लॅबमध्ये बरं वाटतं. आईला तुम्ही सांगाल का?"

"तू सांग," म्हटलं. "मी शेजारी उभी राहते."

आई बाहेर लिंबाखाली वाट बघत होती. आम्ही दोघी बाहेर गेलो.